डोंगरउतारावरील जमीन साफ करणें : काय तोडावें व काय राखावें

कोंकणांत व सह्याद्रीच्या पायथ्याशीं बहुतेक खातेदारांपाशीं भाताच्या खाचरांबरोबर थोडीफार वरकस जमीन असते. पूर्वीं तींत नाचणी-वरी होई, राबासाठीं ऐन-किंजळाचे टाहळ मिळत व राहिलेलें गवत गुरें खात. माणसें कमी झालीं तसतशी या जमिनींत घाणेरी व रानमोडी यांची जाळी माजली. पुढें काजूची किंवा आंब्याची लागवड करावयाची म्हणून मालक एके दिवशीं जेसीबी यंत्र लावतो व सबंध उतार बोडका करितो. या लेखांत इतकेंच सांगावयाचें आहे कीं, जमीन साफ करणें व जमीन उघडी करणें हीं दोन भिन्न कामें आहेत. पहिलें लाभाचें आहे. दुसऱ्याची भरपाई पुढील पिढीसहि करतां येत नाहीं.

महसूल खात्यांत असतांना नुकसानीचे पंचनामे लिहिण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे पुष्कळ वर्षें होतें. एका गांवीं वरच्या खातेदारानें वैशाखांत उतार यंत्रानें खरवडून काढला. श्रावणांत खालच्या खातेदाराच्या तीन खाचरांत रेती व दगडगोटे यांचा थर येऊन बसला. ज्याचीं खाचरें गेलीं त्यानें एकहि झाड तोडलें नव्हतें. पंचनाम्यांत कारण म्हणून ‘अतिवृष्टि’ एवढाच शब्द लिहिला गेला.

कोयता उचलण्यापूर्वीं सातबारा उचलावा. इतर हक्कांच्या रकान्यांत वनाविषयीं कांहीं नोंद आहे काय, हें प्रथम पहावें. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम ३० ऑगस्ट १९७५ रोजीं अंमलांत आला, व त्याच्या नोंदी अनेक डोंगरी उताऱ्यांवर आहेत. अशी नोंद असल्यास वनाधिकाऱ्यांकडून लेखी खुलासा मिळेपर्यंत काठीहि तोडूं नये. नोंद नसली तरी दुसरा विचार उरतोच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वयें खातेदाराच्या जमिनींतील झाडांवर सामान्यतः खातेदाराचा हक्क असतो. परंतु हक्क असणें व तोडण्याची मोकळीक असणें हीं एक नव्हेत. वृक्षतोडीचें नियमन करणाऱ्या १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचींत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा इत्यादि वृक्ष घातले होते. अनुसूचींतील वृक्षास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सूचींत फेरफार होऊं शकतो, म्हणून चालू सूची पाहूनच अर्ज करावा.

आतां जमिनीकडे वळूं. उतारावरील मातीचा थर बहुधा पातळ असतो व खालीं कातळ किंवा मुरूम असतो. झाडांचीं मुळें हा थर शिवून धरितात. झाड तोडलें म्हणून मुळें त्याच वर्षीं कुजत नाहींत. पहिला पावसाळा सुखरूप गेला कीं मालक निर्धास्त होतो; पण मेलेलीं मुळें दरसाल दुबळीं होत जातात, व धोका कांहीं वर्षांनीं उभा राहतो. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण व २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळीये हीं दरडीखालीं सांपडलीं. अशा आपत्तींचा दोष केवळ तोडीवर ढकलणें न्याय्य नव्हे. मुसळधार पाऊस, खडकाची ठेवण, उताराची तीव्रता व जमिनीची उकराउकर हीं सर्व विचारांत घ्यावीं लागतात, आणि खोलवरची घसरण मुळांनीं थांबत नाहीं. परंतु ज्या कारणावर आपला हात चालतो तें तरी आपण वाढवूं नये.

म्हणून तोडावयाचें ठरविण्याआधीं राखावयाचें ठरवावें. वहाळाचे दोन्ही कांठ, झऱ्याच्या वरची बाजू, घळीचें तोंड, अत्यंत उभा चढ आणि वस्तीच्या डोक्यावरील पट्टा येथील झाडी तशीच ठेवावी. उरलेल्या जमिनींत समपातळीवर आडव्या रेषा आंखाव्या. तीन काठ्यांची ‘ए’ आकाराची चौकट व ओळंबा एवढ्यानें हें काम होतें. साफ केलेल्या प्रत्येक पट्ट्याखालीं चार-पांच हातांचा पट्टा न तोडतां सोडावा. तोडलेलें झुडूप त्या पट्ट्याच्या वरच्या अंगास आडवें रचावें, म्हणजे वाहती माती तेथें अडते.

घाणेरी वरून छाटल्यास दुप्पट जोमानें फुटते. तिचें मुख्य मूळ जमिनीखालीं चार बोटांवर तोडावें व झुडूप उपटून मुळें वर करून वाळूं द्यावें. पांखरें तिचीं फळें खाऊन बीं पसरतात, यासाठीं मोठ्या झाडांखालीं उगवणारीं रोपें दरसाल काढावीं लागतात. रानमोडीचें बीं वाऱ्यानें उडतें, म्हणून ती दिवाळीच्या सुमारास, फुलावर येण्यापूर्वींच काढावी. परवानगीनें एखादा ऐन किंवा साग तोडावा लागला, तर बुंधा जमिनीलगत सफाईनें तोडावा, खणून काढूं नये. त्यास नवे धुमारे येतात व मुळें जिवंत राहतात.

काडीकचरा पेटवून देण्याचा मोह आवरावा. चढावर आग वेगानें धांवते व शेजाऱ्याच्या काजूंत शिरते. पालापाचोळाहि जळून जातो, व उघड्या जमिनीवर घाणेरीच आधीं उगवते. शेजारची आग आपल्याकडे येऊं नये यासाठीं हद्दीवर माघापर्यंत जाळरेषा काढून ठेवावी.

सर्व काम दसऱ्यानंतर सुरू करून फाल्गुनाअखेर संपवावें, व मृगापूर्वीं मोकळ्या पट्ट्यांत गवताचें बीं पेरावें. एकाच वर्षीं सबंध डोंगर साफ करण्याचा हट्ट धरूं नये. तीन वर्षांत तीन भाग केल्यास मजुरीहि झेपते व चूक झाल्यास सुधारतां येते. आपल्या उताराचें पाणी ज्याच्या खाचरांत उतरतें, त्या शेजाऱ्यास काम आरंभण्यापूर्वीं बांधावर बोलावून जागा दाखवावी, एवढी खातेदार बंधूंस विनंति आहे.