नववीतल्या मुकुंद जोशीला पुन्हा भेटताना

मिलिंद बोकील माझे लाडके लेखक, आणि त्यांची ‘शाळा’ मी परवा तिसऱ्यांदा वाचून संपवली. मौज प्रकाशनाने २००४ साली काढलेली ही कादंबरी आहे आणीबाणीच्या काळातली. गोष्ट सांगतो नववीतला मुकुंद जोशी, अगदी वर्गात बोलावं तशा भाषेत. ‘लाईन देणं’सारखे शब्द तो इतक्या सहज वापरतो की आपणही त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसतो.

अर्धवट बांधलेल्या इमारतीत जोशी आणि त्याच्या तीन मित्रांचा अड्डा. तिथून रस्त्याने येणाऱ्या मुली दिसतात, आणि त्यातली जोशीला आवडणारी शिरोडकर दिसली की त्याच्या पोटात होणारी कालवाकालव थेट आपल्यापर्यंत पोचते. मला मात्र सगळ्यात आवडतो नरूमामा. घरातल्या मोठ्यांपैकी जोशीशी बरोबरीने बोलणारा तोच. असा एक मामा प्रत्येक मुलाला हवाच!

बोकील समाजशास्त्राचे अभ्यासक. कातकऱ्यांवर, मेंढा गावावर त्यांनी लिहिलंय. म्हणूनच असेल, कोवळ्या प्रेमाच्या गोष्टीतही घरं, जाती, पैसा, मुलींवरची बंधनं सगळं न सांगता दिसत राहतं.

सुजय डहाके यांचा या कादंबरीवरचा चित्रपट पाहिला असेल, तरी पुस्तक वाचाच. जोशीच्या मनातली बडबड पुस्तकातच पूर्ण ऐकू येते.