मार्चअखेरचा पगार आणि आपला ऊसदर



गट मेळाव्यात आम्ही एरवी बेणे, लागणीच्या तारखा आणि खतांच्या मात्रा यांवर बोलतो. मागच्या मेळाव्यात एका जुन्या सभासदांनी वेगळाच प्रश्न टाकला. "साहेब, मार्चचा पगार एप्रिलात वाटला, मग तो मार्चच्या खर्चात का धरला? खर्च फुगवून ऊसदर कमी दाखवायचा तर हा डाव नाही ना?" प्रश्न रोखठोक होता. आम्ही हिशेब खात्यात बसून तो समजावून घेतला, तोच येथे मांडतो.

साखर वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, पण हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यामुळे हंगामाची धांदल सरते न सरते तोच खाती बंद करावी लागतात. नियम असा की, काम ज्या वर्षात झाले, त्याचा खर्च त्याच वर्षात. पैसे कधी दिले, हा प्रश्न वेगळा. आपण दुकानातून खत उधारीवर आणले आणि उधारी न धरताच पिकाचा नफा मोजला, तर तो नफा खोटाच ना? मार्चचा पगार सोडून काढलेला नफाही तसाच. त्यावर दर जाहीर झाला, तर पुढल्या वर्षी ती तूट आपल्याच उसावर बसते.

उदाहरण घेऊ. समजा एका इंजिनिअरचा एकूण पगार १,२०,००० रुपये, त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ८०,०००. या रकमेवर १२ टक्क्यांनी त्यांचा प्रॉव्हिडंट फंड ९,६०० आणि कारखान्याचा हिस्साही ९,६००. म्हणजे ३१ मार्चला खर्च १,२९,६०० आणि तेवढेच देणे. एप्रिलात पगार देताना व्यवसाय कर २०० व आयकर, समजा, ७,२०० कापला, तर हाती पडतात १,०३,०००. बाकीचे २६,६०० रुपये फंडाचे आणि सरकारचे.

खरी गोम इथेच आहे. आपल्या ऊस बिलातून सोसायटीचा हप्ता कापतात. तो कापून घेतला आणि बँकेत भरलाच नाही, तर व्याज कोणाच्या माथी? कामगाराच्या कपातीचेही तसेच. हे पैसे कारखान्याचे नव्हेत. ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे असते, तेव्हा ओढाताणीत या पैशाला हात लावायचा मोह होतो. तो महागात पडतो. मार्चच्या पगाराचा फंड १५ एप्रिलपर्यंत भरावा लागतो. पगारावरचा आयकर पगार देताना कापतात. मार्चमध्येच कापला तर ३० एप्रिलपर्यंत आणि एप्रिलात कापला तर ७ मेपर्यंत तो भरायचा. कापून वेळेत न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज, आणि अपुरा महिनाही पुरा धरतात. हे व्याज शेवटी ऊसदरातूनच जाते.

यात आमच्या शेतकी खात्याचीही चूक सांगितली पाहिजे. एका वर्षी आमच्या गटाचे जादा कामाचे हजेरीपत्रक एप्रिल उलटल्यावर पोचले आणि मार्चची मजुरी पुढल्या वर्षाच्या खर्चात गेली. रक्कम थोडी होती, पण ऑडिटमध्ये शेरा आला आणि तो रास्तच होता. तेव्हापासून ३१ मार्चच्या संध्याकाळी हजेरी बंद करून दुसऱ्या दिवशी ती हिशेब खात्यात द्यायची, असा आम्ही दंडक घातला आहे.

वार्षिक अहवाल हाती आला की ताळेबंदाच्या देणे बाजूला देय पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि कापलेला आयकर हे आकडे जरूर पाहावेत. ते दिसले म्हणून घाबरू नये. एका महिन्याचे देणे असणारच. मात्र ते वर्षागणिक वाढत असेल, तर सभेत उठून विचारावे, "हे पैसे भरले केव्हा? चलन दाखवा." तो आपला हक्क आहे.

काही शंका राहिल्यास गट ऑफिसला यावे. आम्हाला येईल तेवढे सांगू, नाहीतर हिशेबनीसांकडे बरोबर घेऊन जाऊ.