टनभर ऊस आणि घरचा टीव्ही



ऊसबिल येते वर्षातून दोन-तीन हप्त्यांत. टीव्हीचा पैसा मात्र दर महिन्याला जातो. तीनशे रुपये म्हणजे काय मोठेसे, असे म्हणून आपण ते केबलवाल्याच्या हातावर ठेवतो, नाहीतर मोबाईलवरून रिचार्ज मारतो. पण शेतकऱ्याने हिशेब वर्षाचा करावा. बारा त्रिक छत्तीस, म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये झाले. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरविलेली एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आहे, आणि तीतूनही तोडणी-वाहतूक वजा होते. म्हणजे तीनशेचा रिचार्ज मारणाऱ्या घराचा टीव्ही दरवर्षी टनापेक्षा जास्त ऊस खातो. लागण केली आपण, पाणी पाजले आपण, आणि गाळप झाले टीव्हीत!

टीव्ही बघूच नका, असे आमचे म्हणणे नाही. पोरांना, म्हाताऱ्या माणसांना, दिवसभर राबलेल्या घरच्या लक्ष्मीला घटकाभर करमणूक हवीच. पण ती कमी पैशात आणि कायद्यात राहून मिळत असेल, तर तो मार्ग माहीत असावा.

डोंगराआडची अडचण

कोयनानगरचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला. तेव्हा महाराष्ट्रात दूरदर्शन नव्हते. मुंबईचे केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे टीव्ही गावोगाव आला, तरी कोयना खोऱ्याला तो सहजी लाभला नाही. मनोऱ्यावरून निघालेली लहर साधारण सरळ जाते आणि मध्ये डोंगर आला की अडते. मग लोखंडी पाइपावर अँटेना चढवायची, एकाने ती फिरवायची आणि दुसऱ्याने घरातून ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" केबल आली ती या दुखण्यावर औषध म्हणून. दूरदर्शनचे ते जुने ॲनालॉग मनोरेही २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले.

आता गोष्ट बदलली आहे. प्रसार भारतीची 'डीडी फ्री डिश' ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही. छत्री, बॉक्स, वायर आणि बसवणावळ मिळून साधारण दोन हजारांचा खर्च एकदाच करायचा. म्हणजे सात महिन्यांच्या रिचार्जात तो वसूल होतो. २०२३ साली देशात सुमारे साडेचार कोटी घरांत ती असल्याचा अंदाज होता.

फुकट कसे काय?

असा प्रश्न शेतकऱ्याने विचारलाच पाहिजे. खाजगी वाहिन्या फ्री डिशवर जागा मिळावी म्हणून लिलावात बोली लावतात, प्रसार भारतीला पैसे भरतात आणि ते जाहिरातींतून वसूल करतात. म्हणजे पैसा वाहिनी भरते, आपण नाही. पण याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवावा. वाहिनीला परवडेनासे झाले की ती निघून जाते. १ एप्रिल २०२२ पासून बड्या कंपन्यांच्या काही हिंदी मनोरंजन वाहिन्या अशाच फ्री डिशवरून गेल्या होत्या. तेव्हा आज दिसणारी खाजगी वाहिनी पुढल्या वर्षी दिसेलच, असे धरून चालू नये.

दूरदर्शनच्या आपल्या वाहिन्या मात्र असतातच. मराठीसाठी सह्याद्री आहे, तिच्यावरचे 'आमची माती आमची माणसं' जुन्या सभासदांना सांगायला नको. शेतीसाठी २६ मे २०१५ ला सुरू झालेली डीडी किसान आहे. शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी शैक्षणिक वाहिन्या आहेत.

तरुण मंडळींसाठी क्रिकेटची गोष्ट. सन २००७ च्या कायद्यानुसार सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेले सामने खाजगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरविले, की हे चित्रण प्रसार भारतीने फक्त स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डिश सेवेवरून दाखवावे. म्हणून असा सामना फ्री डिशवरच्या दूरदर्शनला दिसतो आणि केबलवरच्या दूरदर्शनला दिसत नाही. आयपीएल मात्र यात येत नाही.

छत्री कशी बसवावी

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. कोयनानगरहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर आहे. इतका उंच असल्याने बहुतेक ठिकाणी डोंगर आड येत नाही. आड येतो तो दारातला आंबा किंवा शेजारची इमारत. म्हणून आग्नेयेचे आभाळ मोकळे दिसेल अशी जागा धरावी.

खरी अडचण पावसाची. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मुसळधार सरीत या लहरी क्षीण होतात. चित्र फुटते, मग जाते. सर ओसरली की परत येते. त्यासाठी दर वेळी मेस्त्री बोलावू नये. घाटाकडच्या सभासदांनी लहान छत्रीऐवजी पाऊण मीटरची किंवा त्याहून मोठी घ्यावी आणि ती पक्क्या बोल्टने आवळावी. हीच अडचण पैसे भरून घेतलेल्या डिशलाही आहे, हे विसरू नये.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. धरणाचे दरवाजे उघडतात ते पावसाच्या दिवसांतच. पाटणपासून कऱ्हाड-सांगलीपर्यंत नदीकाठाला बातमी हवी असते, नेमका तेव्हाच टीव्ही बंद पडू शकतो, वीजही जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आपण पाहिले आहेत. यास्तव सेलवर चालणारा रेडिओ घरात असावाच. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ पासून आहे. रेडिओच्या लहरींना पावसाची अडचण नाही.

मालिका सोडवत नसतील तर

फ्री डिशवर पैशाच्या वाहिन्यांवरील ताज्या मराठी मालिका मिळत नाहीत, हे उघड सांगतो. ज्यांना त्या हव्याच, त्यांनी केबल ठेवावी. पण केबलवाला देईल तो गठ्ठा घेऊ नये. ट्रायच्या २०१९ पासूनच्या नियमांनुसार हवी तेवढीच वाहिनी सुटी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि प्रत्येक पैशाच्या वाहिनीचा दर जाहीर असतो. मूळ आकारावर पूर्वी १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा होती. ती २०२४ मध्ये उठविली. म्हणून आकार किती, वाहिन्यांचे किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे आणि पावती मागावी.

मोबाईलवर प्रसार भारतीचे 'वेव्ह्ज' हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आले आहे. मराठी वृत्तवाहिन्याही यूट्यूबवर स्वतः थेट बातम्या देतात. फक्त तासाभराच्या चित्रणाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो, हे बघून वापरावे.

आकडा टाकू नका

शेजाऱ्याच्या एका कनेक्शनवरून चार घरांत वायर ओढणे म्हणजे सहकार नव्हे! केबल चालवायला १९९५ च्या कायद्याने नोंदणी लागते. शंभर-दोनशे रुपयांत सगळ्या वाहिन्या देणारी चोरटी ॲप आणि मोबाईलवर फिरणारे नवे सिनेमे हाही चोरीचा माल आहे. कॉपीराइट कायद्यात अशा गुन्ह्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगितला आहे. शिवाय अशा ॲपला मोबाईल उघडा करून दिला, तर त्याच मोबाईलवरचे बँक खाते धोक्यात येते. ऊसबिल त्याच खात्यावर जमा होते, हे सांगायला नकोच.

तेव्हा पुढचा रिचार्ज मारण्याआधी घरात सर्वांनी बसून एवढे करावे. गेल्या महिन्यात खरोखर कोणत्या वाहिन्या पाहिल्या, त्यांची नावे कागदावर लिहावीत. त्यांतल्या किती फ्री डिशवर मिळतात ते गावातल्या दुकानात किंवा ज्याच्याकडे छत्री आहे त्याच्याकडे जाऊन बघावे. यादी तिथेच पुरी होत असेल, तर टनभर ऊस आपल्याच घरात राहील.