वर सगळं ठीक, खाली ताप

नोव्हेंबर २०१९. मालदीवच्या दक्षिणेला, चागोस द्वीपसमूहातल्या एग्मॉन्ट या कंकणद्वीपाशी प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरे बसवलेला रोबो पाण्यात सोडला. उथळ पाण्यातली प्रवाळं ठणठणीत होती. रोबो साठ मीटर खाली गेला, मग नव्वद. तिथली प्रवाळं पांढरीफटक पडलेली, काही भागांत तर ऐंशी टक्क्यांपर्यंत. प्रवाळांचं असं पांढरं पडणं, म्हणजे विरंजन, हे उथळ पाण्याचं दुखणं, खोल पाण्यातल्यांना त्याची झळ पोचत नाही, अशी तोवरची समजूत होती.

साधारण ३० ते १५० मीटर खोलीच्या या पट्ट्याला मेसोफोटिक म्हणतात. इथे प्रकाश असतो, पण जेमतेम. लाल छटा वरच्या काही मीटरांतच विरून जातात, खाली पोचतो तो निळा उजेड, तोही पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या शेकडा एकाच्या आसपास. तेवढ्यावरही प्रवाळं तग धरतात, कारण त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं मिळेल त्या उजेडावर अन्न तयार करतात. उथळ पाण्यातली बरीच प्रवाळं फांद्या फुटून वाढतात. इथली लेप्टोसेरिस मात्र पापडासारखी पातळ, आडवी पसरते, म्हणजे उजेडाचा एकही किरण वाया जायला नको. फ्रेंच पॉलिनेशियात ती १७२ मीटरांवर जिवंत सापडली आहे. जसजसं खाली जावं तसा शैवालांचा आधार कमी होतो आणि सागरी पंखे, काळी प्रवाळं, स्पंज यांचं राज्य सुरू होतं. ही मंडळी वाहत्या पाण्यातलं अन्न गाळून किंवा पकडून खातात. माशांचंही तसंच: शैवाल खरवडून खाणारे विरळ होतात, प्लवक टिपणारे वाढतात.

एवढं समृद्ध जग इतकी वर्षं दुर्लक्षित का राहिलं? कारण अगदी व्यावहारिक आहे. हौशी पाणबुड्यांची मर्यादा ४० मीटर. संशोधनाच्या पाणबुड्या महागड्या, आणि एवढा खर्च करून शंभर मीटरांवर कोण थांबणार? त्या थेट अथांगात उतरायच्या. मधला पट्टा कोणाचाच नव्हता. तो उघडला रीब्रीदर या उपकरणाने. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून उरलेली हवा पुन्हा वापरायची, ऑक्सिजनची भर घालायची आणि खोलीवर नायट्रोजनची गुंगी चढू नये म्हणून मिश्रणात हेलियम ठेवायचा. तरीही हिशेब मोठा निर्दय असतो. शंभर मीटरांवर पंधरा-वीस मिनिटं काम करायचं, आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबत काही तास पाण्यातच काढायचे.

होनोलुलूच्या बिशप म्युझियमचे रिचर्ड पाइल हे या कामाचे आद्य प्रवर्तक. हवाईच्या वायव्य टोकाला, क्युरे बेटाजवळ सुमारे ९० मीटरांवर त्यांच्या चमूला २०१६ मध्ये एक गुलाबी-पिवळा मासा सापडला. तिथलं सागरी अभयारण्य विस्तारणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचं नाव त्याला मिळालं: टोसानॉइडिस ओबामा. राजकारण्यांच्या नावाने रस्ते आणि पूल पुष्कळ होतात, हे नाव निदान टिकेल.

खोल प्रवाळं हा उथळ प्रवाळांचा राखीव साठा आहे, वरची मेली तर खालून पुन्हा पेरणी होईल, ही कल्पना बरीच वर्षं अनेकांना दिलासा देत होती. कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचे लुइझ रोशा आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं, की त्यांनी पाहिलेल्या ठिकाणी उथळ आणि खोल अशा दोन्हीकडे आढळणाऱ्या माशांच्या आणि प्रवाळांच्या जाती पाच टक्क्यांहूनही कमी होत्या. बियाणंच निराळं, तर पेरणी कसली?

एग्मॉन्टने दुसरा धक्का दिला. वरचं ऊबदार आणि खालचं गार पाणी यांमधल्या सीमेला थर्मोक्लाइन म्हणतात. एरवी ही सीमा खोल प्रवाळांच्या वर असते, म्हणून ती गारव्यात राहतात. २०१९ मध्ये इंडियन ओशन डायपोल, म्हणजे हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतल्या तापमानाचा झोका, अतिशय तीव्र झाला, पश्चिमेकडे ऊबदार पाणी साचलं आणि ही सीमा खाली सरकली. पृष्ठभागाचं तापमान फारसं हललं नाही. खाली मात्र ते २२ अंशांवरून २९ अंशांवर गेलं. त्या वर्षी आपल्याकडे पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला आणि पाठोपाठ अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळं उठली. हवामानशास्त्रज्ञांनी त्यांच्यामागेही याच डायपोलचा हात असल्याचं सांगितलं. छत्री मिटायला उसंत नव्हती तेव्हा विषुववृत्तापलीकडे, नजरेआड, प्रवाळं भाजत होती.

संशोधक २०२० आणि २०२२ मध्ये परत गेले तेव्हा बराचसा भाग सावरलेला दिसला. प्लॅस्टिकच्या बाबतीत मात्र खोलीचा काहीच आडोसा नाही. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या पाहणीत उथळ भागांपेक्षा खोल प्रवाळांवरच कचरा अधिक आढळला, आणि त्यात मोठा वाटा मासेमारीच्या दोऱ्या-जाळ्यांचा होता.

आपल्याकडे विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटरांवर आंग्रिया बँक हे प्रवाळांचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा सर्वांत उथळ भागही सुमारे २० मीटर खोल, कडा त्याहून खोल. विरंजनाचा इशारा देणारे उपग्रह समुद्राच्या वरच्या कातडीचं तापमान वाचतात. एग्मॉन्टला ते वाचून काहीही कळलं नसतं. आंग्रियाच्या कडांवर काय चाललं आहे, हे जाणून घ्यायचं तर तापमापक त्या कडांवरच बांधावे लागतील, आणि जहाज, पाणबुडे, पैसा हे सगळं जुळवून वर्षानुवर्षं परत परत जाऊन वाचावेही लागतील.