प्रोग्रामिंगलाही हवा रियाज : तोच प्रश्न पुन्हा सोडवण्यामागचे शास्त्र

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एक अनुभव हमखास येतो. शिक्षक आज्ञावली लिहून दाखवत असताना तिची प्रत्येक ओळ समजते. दुसऱ्या दिवशी संगणकासमोर बसल्यावर मात्र सुरुवात कोठून करावी, हेच सुचत नाही. मग आपले गणित कच्चे आहे, इंग्रजी जमत नाही, हे क्षेत्र आपले नव्हे, असा समज करून घेऊन अनेक जण मागे फिरतात. वास्तविक उणीव बहुधा बुद्धीची नसते, सरावाची असते. आणि सरावालाही एक पद्धत असते.

वाचणे वेगळे, आठवणे वेगळे

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले, की पाठ केलेल्या गोष्टी विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असतो. अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये या विषयाची दुसरी बाजू पुढे आणली. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचल्यानंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे सरस ठरले. तयार उत्तर वाचून ‘कळले’ असे वाटणे किती फसवे असते, हे यावरून लक्षात येते.

मुंबईतील आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम या दृष्टीने उल्लेखनीय आहे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या उपक्रमात सी, पायथन, जावा यांसारख्या विषयांवरील सुमारे दहा मिनिटांचे पाठ आहेत आणि त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत केले जाते. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर ठेवून विद्यार्थ्याने पाठ थांबवत प्रत्येक कृती स्वतः करायची, ही त्याची रीत. पाठाच्या शेवटी स्वाध्यायही दिलेला असतो. पाहून करणे ही पहिली पायरी. तीच आज्ञावली पाठ बंद ठेवून पुन्हा लिहिणे, ही पुढची.

सोप्या प्रश्नाची खोली

एकच प्रश्न पुन्हा सोडवून काय मिळते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे द्विभाजन शोध, अर्थात ‘बायनरी सर्च’. अकारविल्हे लावलेल्या यादीत नाव शोधताना मधले नाव पाहायचे, हवे असलेले नाव आधी येते की नंतर ते ठरवायचे आणि उरलेली अर्धी यादी सोडून द्यायची. दहा लाख नावांतून हवे ते नाव यामुळे जास्तीत जास्त वीस तुलनांत सापडते.

कल्पना इतकी सोपी. परंतु ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या पुस्तकाचे लेखक जॉन बेंटली यांनी व्यावसायिक प्रोग्रामरना ती आज्ञावली लिहायला सांगितली, तेव्हा बहुतेकांच्या उत्तरांत चुका निघाल्या. पुढे २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जावा भाषेच्या अधिकृत संग्रहातील याच आज्ञावलीत वर्षानुवर्षे दडून राहिलेला दोष उघड केला. मध्य काढण्यासाठी दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज केली जात होती. यादी अतिप्रचंड असेल, तर ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या कमाल मर्यादेपलीकडे जाऊन ऋण होत असे. बेंटली यांच्या पुस्तकातील आज्ञावलीतही हाच दोष होता.

म्हणूनच पहिल्या दिवशी हा प्रश्न फक्त सुटावा. दोन-तीन दिवसांनी तो कोऱ्या पानावरून पुन्हा लिहावा आणि रिकामी यादी, एकच नाव असलेली यादी, यादीत नसलेले नाव अशा कसोट्या लावाव्यात. आठवड्याने तोच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवावा किंवा दुसऱ्या भाषेत लिहावा. उत्तर पाठ करणे ही घोकंपट्टी. ते दर वेळी नव्याने उभारणे हा सराव. गायक तेच पलटे रोज घोटतो, तो सूर आणि लय अधिकाधिक पक्की व्हावी म्हणून. अमेरिकेतील डेव्ह थॉमस यांनी अशा छोट्या, पुन्हा पुन्हा करायच्या प्रश्नांना कराटेतील परिभाषेवरून ‘कोड काता’ असे नाव दिले.

चूक कोण दाखवणार?

चूक कळल्याशिवाय सुधारणा होत नाही. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘कोडशेफ’सारख्या संकेतस्थळांवर विद्यार्थ्याची आज्ञावली ठरावीक कसोट्यांवर आपोआप तपासली जाते आणि निकाल लगेच कळतो. मात्र निकाल ‘चूक’ आला, की कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार उत्तर मागण्याचा मोह आता मोठा आहे. तसे केल्यास प्रश्न सुटतो, विद्यार्थी मात्र होता तेथेच राहतो. आधी स्वतः लिहावे, चूक स्वतः शोधावी आणि मगच तुलनेसाठी मदत घ्यावी.

घरी संगणक नसला, तरी या सरावाचा मोठा भाग वहीत होऊ शकतो. पाच-सहा संख्यांची यादी घेऊन प्रत्येक ओळीनंतर कोणत्या चलाची किंमत काय झाली, हे पेन्सिलीने मांडत गेले, की चूक नेमकी कोठे झाली ते कागदावर दिसते. अशा चुकांची तारीखवार नोंद ठेवली, तर महिन्याभरात आपल्या प्रगतीचा अंदाज विद्यार्थ्याला स्वतःलाच येऊ शकतो.