चिमणी नको, तिकीट नंबर दाखवा

गिरणी कामगारांच्या घरांवर आमच्या गटातल्या शाहिराने नवं गाणं बांधलं आणि त्याचा व्हिडिओ उभा करायचं काम माझ्याकडे आलं. मी माहितीपटांसाठी संशोधन करते. पहिल्या बैठकीत सगळे ड्रोनबद्दल बोलत होते. मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे गाण्याची ओळ, उजवीकडे तिचा पुरावा. निषेधाचं गाणं कुणावर तरी आरोप ठेवतं. त्यातला एक आकडा खोटा निघाला की समोरचे तेवढाच धरून बसतात आणि बाकीच्या खऱ्या गोष्टी कुणी ऐकून घेत नाही.

उजवा रकाना भरायला कॅमेऱ्याच्या तयारीपेक्षा जास्त वेळ लागला. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, म्हणून गाण्यातली एक ओळ शाहिराने स्वतःहून बदलली. जमिनीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं होतं. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरवली होती. साधारण एक हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला. बांधकाम नसलेल्या जागेपुरतीच ही वाटणी उरली आणि लोकांचे दोन्ही हिस्से आक्रसले. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला.

हे सगळं चार मिनिटांच्या गाण्यात दाखवायचं कसं? पडद्यावर मजकूर टाकला तर कुणी वाचत नाही. आम्ही ठरवलं की लालबागच्या चाळीच्या अंगणात एक नात खडूने मोठा चौकोन काढेल, त्याचे तीन भाग पाडेल, आणि दुसऱ्या अंतऱ्यात त्यातले दोन भाग पुसून अगदी लहान करेल. कॅमेरा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत असेल. या एका शॉटवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे.

चिमणीला मात्र मी ठाम नकार दिला. लोअर परळच्या फिनिक्समध्ये मॉलच्या गर्दीत जुनी चिमणी अजून उभी आहे आणि गिरणगावावर काहीही करायचं म्हटलं की पहिला कॅमेरा तिच्याकडे वळतो. पण ती शोभेला ठेवलेली आहे. मागणी तर आजची आहे. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस यांनी घरासाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज भरले. २०१२च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली, २०२०मध्ये ३,८९४. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं. अर्ज भरून वाट बघणारा माणूस जिवंत असताना ओसाड चिमणीवर करुण सूर लावला की पाहणाऱ्याला वाटतं, झालं गेलं, संपलं. मला त्याला तसं वाटू द्यायचं नाही.

संदर्भासाठी आम्ही बरेच व्हिडिओ पाहिले. २०१५चं सोफिया अश्रफचं ‘कोडाईकनाल वोन्ट’ मी पुन्हा पुन्हा लावलं. थर्मामीटरच्या बंद कारखान्यातल्या पाऱ्याबद्दलचं ते रॅप. पुढच्याच वर्षी, मार्च २०१६मध्ये, कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. त्यामागे कामगारांचा कितीतरी वर्षांचा लढा होता. व्हिडिओने एवढं केलं की तो लढा अगदी नेमक्या वेळी जगापुढे ठेवला. नंतर टी. एम. कृष्णांचं ‘चेन्नई पोरंबोक पाडल’ आलं, दिग्दर्शक तोच, रतिन्द्रन प्रसाद. कृष्णा एन्नोरच्या खाडीत, राखेच्या आणि वीजकेंद्रांच्या सान्निध्यात बसून गातात. जागेवर जाऊन गायलं की अर्धा पुरावा तिथेच उभा असतो.

आमच्या गाण्यात सुरुवातीला फक्त पुरुष होते. एका मावशींनी ऐकून विचारलं, “आम्ही काय नुसत्या डबे धूत होतो?” गिरण्यांत बायका काम करत होत्याच. शिवाय गावाकडून एकट्या आलेल्या हजारो गडीमाणसांना घरगुती खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी जेवू घातलं. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. शाहिराने एक कडवं वाढवलं आणि मावशींचं स्वयंपाकघर चित्रीकरणाच्या यादीत आलं.

संगीत व्हिडिओत मंद गतीची एक युक्ती असते. कॅमेरा सेकंदाला पन्नास फ्रेम टिपतो, सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, गाणारा त्या वेगात ओठ हलवतो, आणि तेच पंचवीसच्या गतीने दाखवलं की ओठ सुरात बसतात आणि देह संथ दिसतो. १९८२ला पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकलाय. त्याला घाईघाईने ओठ हलवायला लावणं मला पटेना. आमचा शाहीर हलगीच्या साथीने अंगणात प्रत्यक्ष गाईल आणि कामगार त्याला झील देतील. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख कामगारांपुढे उभे राहून असंच गायचे. अण्णाभाऊंच्या एका गाण्याचा तुकडा घ्यायचा मोह होता. पण ते १९६९ला गेले, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०२९ संपेपर्यंत. १९८२च्या वर्तमानपत्रांतल्या फोटोंवरही अजून हक्क आहेच. श्रमाच्या बाजूने बोलणाऱ्या गाण्याने छायाचित्रकाराचे श्रम फुकट घेऊ नयेत. म्हणून आम्ही घरोघरचे कागद मागितले. ओळखपत्रं, पगाराच्या पावत्या, विम्याची कार्डं.

तिथे एक गोष्ट लक्षात आली. कुठल्याही काकांना गिरणीतला तिकीट नंबर विचारला की ते अडखळत नाहीत. नातवाचा मोबाइल नंबर आठवत नाही, पण हा नंबर खात्यासकट, पाळीसकट तोंडपाठ असतो. व्हिडिओच्या शेवटी एकेक जण कॅमेऱ्याकडे बघून आपला नंबर सांगेल असं ठरलं. अर्थात सगळेच तयार नव्हते. एका वारसदाराने अर्ज अडकेल या भीतीने चेहरा नको म्हटलं, तर त्याचा नंबरही घेणार नाही, कारण नंबरावरून माणूस ओळखता येतो. संमतीपत्र मराठीत आहे, मोठ्याने वाचून दाखवायचं आहे, आणि पहिला कच्चा व्हिडिओ चाळीतच दाखवायचा आहे. तेव्हाही कुणी ‘माझा भाग काढा’ म्हणालं तर काढायचा.

सगळ्यात मोठा वाद मुंबईबाहेरच्या शेलू आणि वांगणीवरून झाला. तिथली घरं देऊ केल्यावर कामगारांनी मुंबईतच घर हवं म्हणून जुलै २०२५मध्ये आझाद मैदानावर आंदोलन केलं. शाहिराच्या कडव्यात वांगणीचा उल्लेख शिक्षेसारखा आला होता. तिथेही माणसं संसार करतात, त्यांच्या गावाला गाण्यात हिणवायचं नाही, यावर मी अडून बसले. प्रश्न अंतराचा आहे, कर्जतच्या गाडीत रोज जाणाऱ्या तासांचा. म्हणून वांगणी ते दादर हा सकाळचा प्रवास दाखवायचा, डब्यातली गर्दी आणि स्थानकांच्या पाट्या, बस्स. मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडे चित्रीकरणाच्या परवानगीचा अर्ज तयार आहे. त्याआधी कॅमेऱ्याशिवाय नुसती पाहणी करायची आहे. एवढ्या गर्दीत येऊ नका, असं मी व्हिडिओतल्या एका वयस्कर कामगाराला, तात्यांना, सांगून पाहिलं.

ते म्हणाले, “नातवाला रोज हीच गाडी धरायची असेल, तर मला एकदा धरायला काय झालं?”