आवाजाच्या खोलीचा विमा

मैत्रिणींनो, घरात धंद्याची कोणतीही वस्तू आली की ती आधी आपल्याच जागेत शिरते. शिवणयंत्र आले तेव्हा खिडकी गेली, पिठाची गिरणी आली तेव्हा ओसरी गेली. आता कित्येक घरांतून पुढची खोली गेली आहे ती गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी!

तुम्ही म्हणाल, अनसिंगसारख्या गावात कसला आला आहे स्टुडिओ? तो काळ आता मागे पडला. कॅसेटच्या दिवसांत भजनी मंडळाला चार गाणी भरून घ्यायची तर मोठ्या शहराची वाट धरावी लागे. आज भिंतींना फोम लावलेली दहा बाय बाराची खोली, एक चांगला माइक, मिक्सर, संगणक आणि स्पीकरची जोडी एवढ्यावर काम भागते. आपल्या वाशिम जिल्ह्यात गाणाऱ्यांना काय तोटा? खंजिरी भजने आहेत, भीमगीते आहेत, होळीची बंजारा लेंगी आहे, पोहरादेवीच्या यात्रेची गाणी आहेत. शिवाय लग्नाच्या चित्रफिती आणि दुकानांच्या जाहिराती असतातच.

पण मैत्रिणींनो, यंत्रे मुलाची किंवा दिराची असली तरी त्यासाठी काढलेले कर्ज साऱ्या घराचे असते. कुणी बचत गटातून उचल घेते, कुणी मुद्रा कर्ज काढते, कुणाच्या पाटल्या सोनाराकडे जातात. म्हणून या सामानाच्या विम्याची चौकशी आपणच करायला हवी. स्वस्तातला विमा कसा शोधावा, हे सांगण्यासाठी आजचा हा लेख. पण स्वस्त म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ.

घराचा विमा इथे चालत नाही

‘घराचा विमा काढलेला आहे, त्यातच हे आले की!’ असे पुष्कळजणींना वाटते. तसे नसते. १ एप्रिल २०२१ पासून सर्व विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी घरगुती पॉलिसी द्यावी लागते. ती चांगली आहे, जरूर घ्या. पण तिच्यात घरातले म्हणजे घरवापराचे सामान येते. ज्यावर आपण पैसे कमावतो ते सामान धंद्याचे ठरते आणि त्याला वेगळा विमा लागतो.

लहान धंद्यांसाठी त्याच दिवसापासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ती मिळते. आग, वादळ, पूर, भूकंप, दंगल अशी संकटे तिच्यात येतात. कर्ज देताना बँका साधारणपणे याच जातीचा, म्हणजे आगीचा विमा काढायला लावतात. हप्ता कमी असतो आणि घरातली मंडळी निर्धास्त होतात.

आकाशातली वीज आणि तारेतली वीज

इथेच खरी मेख आहे. आगीच्या विम्यात एक कलम असते. विजेच्या उपकरणात जादा दाब आला, शॉर्टसर्किट झाले, ते आपोआप तापले किंवा वीज झिरपली, तर त्या उपकरणाचे स्वतःचे नुकसान भरून मिळत नाही. त्यामागचे कारण आकाशातून पडलेली वीज असले तरी नाही! त्या उपकरणातून आग लागून शेजारचे सामान जळाले तर त्याचे पैसे मिळतात, पण मूळ उपकरणाचे नाही.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे स्टुडिओवर कोणते संकट जास्त येते? मृगाच्या आधीची वादळे, लांब कुठेतरी पडलेली वीज, गेलेली लाइन अचानक जादा दाबाने परत येणे, हेच ना? माझ्या ओळखीच्या एका वहिनींच्या घरी असेच झाले. गडगडाटात मिक्सर, संगणक आणि स्पीकर एका झटक्यात गेले. ना धूर, ना ज्वाळा. विमा होता, पण आगीचा. वहिनी मला म्हणाल्या, “बाई, विमा तं होता ना! मंग पैसे काऊन नाही देत?” पॉलिसीचा कागद काढून ते कलम त्यांना वाचून दाखवताना मला फार जड गेले. मुलगा कोपऱ्यात गप्प बसून होता. कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहिले.

म्हणून म्हणते, ज्या संकटाची भीती आहे तेच ज्या विम्यात नाही, तो कितीही कमी पैशांत मिळाला तरी महागच.

मग कोणता मागावा?

कंपनीत किंवा एजंटाकडे गेल्यावर ‘इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट इन्शुरन्स’ असे नाव घेऊन विचारा. मराठीत इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा विमा म्हणा, पण अर्जावर नाव इंग्रजीच असते. अचानक आणि अनपेक्षितपणे झालेले नुकसान, त्यात विजेच्या दाबाने झालेला बिघाडसुद्धा, या विम्यात येतो. मिक्सर, संगणक, माइक, मॉनिटर स्पीकर हे सगळे त्यात बसते. हार्मोनियम, ढोलकी, तबला यांचा विमा मात्र वेगळा विचारावा लागतो. वाद्यांसाठी ‘ऑल रिस्क’ नावाचा विमा असतो.

पैसे भरण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या:

१. विजेच्या चढउताराने आणि आकाशातल्या विजेने झालेला बिघाड यात आहे ना?

२. चोरी आहे का? असल्यास कुलूप किंवा दार फोडल्याची खूण लागते का? नुसत्या घरफोडीच्या विम्यात बहुधा ती लागते. उघड्या दारातून कुणी माइक उचलून नेला तर हात चोळत बसावे लागते.

३. सामान बाहेर नेले तर काय? विमा पॉलिसीवर लिहिलेल्या पत्त्यापुरता असतो. यात्रेत, लग्नात किंवा मंदिरात जाऊन रेकॉर्डिंग करायचे असेल, तर बाहेर नेण्याची सोय जादा हप्ता भरून जोडून घ्यावी लागते.

४. देखभालीचा वार्षिक करार असलाच पाहिजे, अशी अट आहे का? काही कंपन्या ती घालतात.

५. दर वेळी आपण किती रक्कम सोसायची? प्रत्येक नुकसानीतली ठरावीक रक्कम आपल्या अंगावर असते.

आणि हो, झीज, धूळ, ओल आणि कंपनीचा मुळातला दोष हे कोणत्याच विम्यात येत नाही. दोष निघाला तर वॉरंटीकडे जायचे.

यादी आणि किंमत

विमा घेण्याआधी एका दुपारी वही घेऊन बसा. प्रत्येक वस्तूचे नाव, मॉडेल, मागे कोरलेला नंबर, खरेदीची तारीख आणि किंमत लिहा. बिलांच्या शाईचा काही भरवसा नसतो, सहा महिन्यांत ती पुसट होते. म्हणून त्यांच्या झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर फोटोही घ्या. ही वही स्टुडिओत ठेवू नका, आपल्या कपाटात ठेवा.

किंमत लिहिताना मोह टाळा. या विम्यात वस्तूची आजची नवी किंमत लिहायची असते. हप्ता वाचावा म्हणून कमी किंमत लिहिली, तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते. समजा, आज नवा घ्यायचा तर मिक्सर ८०,००० रुपयांना पडतो आणि विमा काढला ४०,००० चा. दुरुस्तीला २०,००० खर्च आला, तर कंपनी निम्मे, म्हणजे १०,००० धरील आणि त्यातूनही आपण सोसायची रक्कम वजा करील. हप्त्यात वाचवलेले चार पैसे असे अंगाशी येतात.

हप्ता कमी कसा होतो?

पूर्वी आगीसारख्या विम्यांचे दर ठरवून दिलेले असत, कुठेही गेले तरी तेच. १९७३ साली १०७ कंपन्यांचे विलीनीकरण होऊन नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या झाल्या. पुढे २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या आणि १ जानेवारी २००७ पासून दरही मोकळे झाले. त्यामुळे आज एकाच सामानाला तीन ठिकाणी तीन हप्ते सांगतात. आपण भाजी घेताना चार ठेले फिरतो, मग इथे लाजायचे कशाला?

तीनही ठिकाणी तीच यादी आणि तीच किंमत द्या आणि ‘दर हजारी किती?’ असे विचारा. समजा, ४ लाखांच्या सामानाला हजारी ५ रुपये दर सांगितला, तर हप्ता २,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी धरून २,३६० रुपये. असा हिशेब मांडला की तुलना सोपी जाते. एजंट हा कंपनीचा माणूस असतो. ब्रोकर गिऱ्हाइकाच्या वतीने अनेक कंपन्यांकडे विचारतो. दोघांनाही परवाना लागतो, तो पाहायला मागा.

लहान नुकसान स्वतः सोसायची तयारी दाखवली, म्हणजे सोसायची रक्कम वाढवून घेतली, तर हप्ता उतरतो. वायरी, स्टँड, जुने हेडफोन अशा किरकोळ वस्तू यादीतून वगळता येतात. जे गेले तर घर हलेल तेवढ्याचाच विमा काढा. अर्थिंग, स्टॅबिलायझर, सर्ज प्रोटेक्टर आणि विजेसाठी चालणारे आगविझवणे यंत्र असल्यास ते अर्जात सांगा. दरात सूट मिळो न मिळो, सामान तरी वाचते. गडगडाट सुरू झाला की प्लग ओढून काढणे हा बिनपैशाचा उपाय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप आसपास वीज पडण्याची शक्यता असली की मोबाइलवर सूचना देते. तेही घेऊन ठेवा.

आणि केलेली गाणी? यंत्राचे पैसे मिळतील, पण गेलेल्या म्हातारबुवांचा आवाज कोणती कंपनी आणून देणार? त्यासाठी प्रत्येक रेकॉर्डिंगची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून दुसऱ्या घरी ठेवणे, हाच विमा.

नुकसान झालेच तर

आधी मुख्य बटण बंद करा. फोटो काढा. त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि कळवल्याचा नंबर लिहून घ्या. चोरी असेल तर पोलिसांत फिर्याद द्या. सर्व्हेअर येऊन पाहून जाईपर्यंत दुरुस्ती करू नका आणि जळलेला भाग भंगारात देऊ नका. दुरुस्ती करणाऱ्याकडून कारण लेखी घ्या.

कंपनीने नकार दिला तर तोही लेखी मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि लहान धंदेवाल्यांनाही दाद मिळते. विमा नियामकाच्या १५५२५५ या नंबरवरही तक्रार नोंदवता येते. वाशिमला जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

घरात असा स्टुडिओ असेल, तर या आठवड्यात एवढेच करा. पॉलिसीचा कागद कपाटातून काढा आणि ‘काय मिळणार नाही’ हे पान आधी वाचा. इंग्रजी अवघड वाटले तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सोबत बसवा. पावसाळ्याच्या आधी आपण पापड, कुरडया, तिखट, हळद सगळे भरून ठेवतो. त्याच यादीत हेही एक काम लिहून टाका.